सायकल घाटात जावी, पण मेंढरांच्या मागून

डोंगरातून सायकल चालवण्याचा छंद आता पुण्या-मुंबईपुरता राहिलेला नाही. जाड टायरची, पुढे शॉकअप असलेली, डिस्क ब्रेकची सायकल आमच्या धाराशिव-लातूरकडेही दिसू लागली आहे. हेल्मेट घातलेली पोरे रविवारी पहाटे घाटाकडे निघतात आणि ऊन चढायच्या आत परत येतात. मला याचा आनंदच वाटतो. ज्या वयात पोरे मोबाईलवर मान मोडून बसतात त्या वयात कुणी घाम गाळत असेल, तर त्याला दुवाच द्यावी.

पण अलीकडे या छंदातून एक मागणी पुढे येऊ लागली आहे. संरक्षित डोंगरांत, म्हणजे अभयारण्यात आणि राखीव वनात, खास सायकलसाठी वाटा काढून द्या. पुण्यात नोकरी करणारा माझा भाचा ईदला आला तेव्हा त्यानेही येडशीच्या घाटाबद्दल हेच सांगितले. "मामू, किती सुंदर उतार आहेत तिथे! नुसती वाट आखून दिली तर महाराष्ट्रातून लोक येतील. घाट सगळ्यांचाच आहे ना?" त्याचा शेवटचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. घाट सगळ्यांचा आहे, हे मला मान्य आहे. मात्र तो सगळ्यांचा असेल तर आत जाण्याची रांग कुणापासून सुरू होते, हेही ठरवावे लागेल. माझे म्हणणे असे की, ज्याचे पोट त्या डोंगरावर आहे त्याचा हक्क आधी लिहून द्यावा, ज्याची हौस आहे त्याची वाट त्यानंतर आखावी. आणि ती आखताना अभयारण्यात एकही नवी वाट खोदू नये.

मी राहतो माकणीला. आमच्याकडे डोंगर नाही, धरण आहे. लोहारा तालुक्यातले हे गाव बाहेरच्या माणसाला निम्न तेरणा प्रकल्पामुळे माहीत असते. मग डोंगरातल्या वाटांवर मी का बोलावे? कारण वाट जाणे म्हणजे काय, हे या भागातल्या लोकांइतके कुणाला कळणार? धरणाचे पाणी चढते तेव्हा जमिनीबरोबर पाऊलवाटाही बुडतात. शेताला जायचा गाडीरस्ता, ओढ्याकाठची वाट, शेजारच्या गावाचा जवळचा मार्ग यांचा मोबदला कुणी मोजत नाही. पुढे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतली बावन्न गावे उठून नव्या जागी वसली. नव्या गावांना रुंद, सरळ रस्ते मिळाले. पण जुन्या गावातून रानात जाणाऱ्या वाटांचे काय करायचे, हा प्रश्न ज्याने त्याने आपापल्या बांधावर भांडून सोडवला.

खेड्यात वाट हा हक्क असतो. जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागणारी प्रकरणे तहसीलदारांपुढे चालतात. मामलेदार न्यायालय अधिनियम तर १९०६ चा आहे. भावाभावांत खून पडतात ते बहुतेक वेळा हातभर रुंदीच्या वाटेवरून. मला उर्दू वाचता येते म्हणून निजामाच्या काळातले कागद घेऊन लोक अधूनमधून माझ्याकडे येतात. या कागदांत गायरान असते, परमपोक असते, नाला असतो, आणि कुठेतरी ओझरता रस्त्याचा उल्लेख असतो. त्या एका ओळीसाठी माणूस तालुक्याला वीस खेपा घालतो. अशा मुलखात नवी वाट 'नुसती आखून देणे' ही साधी गोष्ट नसते.

आता येडशीकडे वळू. येडशी-रामलिंग घाट अभयारण्य बालाघाटच्या रांगेत आहे. आकाराने ते फारच लहान, जेमतेम बावीस चौरस किलोमीटर. मधोमध रामलिंगाचे देवस्थान, पावसाळ्यात कोसळणारा धबधबा, माकडे, मोर आणि श्रावणात भाविकांची गर्दी. मराठवाड्याच्या उघड्या माळावरून येणाऱ्या माणसाला हा हिरवा घाट म्हणजे नवलच. डिसेंबर २०२४ मध्ये इथल्या कॅमेऱ्यात चक्क वाघ टिपला गेला. तो यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून आलेला, म्हणजे चारशे-साडेचारशे किलोमीटर चालून. त्याला पकडायला ताडोबाचे पथक आले आणि त्यालाही त्याने महिनोन्महिने हुलकावणी दिली. या काळात येडशी-बार्शी भागातल्या शेतकऱ्यांची जनावरे मारली गेली, लोक रात्री शेतात पाणी द्यायला जायला घाबरू लागले.

वाघाचे वर्तमानपत्रांत कौतुक झाले. त्यातून शिकण्यासारखे एकच होते. बावीस चौरस किलोमीटर हे वाघाचे घर होऊ शकत नाही, पण लांबच्या प्रवासात टेकायची जागा नक्कीच होऊ शकते. शेतांनी आणि रस्त्यांनी वेढलेल्या मुलखात अशी टेकायची जागा एखाददुसरीच उरते. तिच्यात सायकलच्या पाच-सहा वाटा काढल्या तर जनावराला लपायला उरेल ते रान किती? मोठ्या जंगलात एक कोपरा माणसाला देता येतो. येडशीत कोपरा काढायला गेलो तर तो मध्यापर्यंत येतो.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या कलम २७ प्रमाणे अभयारण्यात कुणीही उठून जाऊ शकत नाही. कामावरचा सरकारी नोकर, आत राहण्याची परवानगी असलेला, आत ज्याची जमीन आहे तो, आणि सार्वजनिक रस्त्यावरून जाणारा, अशांनाच विनापरवाना प्रवेश. बाकीच्यांनी कलम २८ खाली परवानगी घ्यायची. ती अभ्यासासाठी, छायाचित्रणासाठी, तशीच पर्यटनासाठी मिळू शकते. म्हणजे सायकलवाल्याला कायद्यात दार आहे. आणि मेंढपाळाला? त्यालाही आहे. कलम ३३ नुसार चराईचे नियमन करण्याचा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकांना आहे, आणि त्याप्रमाणे परवानगी असलेली चराई कलम २९ च्या मनाईत मोडत नाही. शिवाय २००६ चा वनहक्क कायदा चराईचा सामूहिक हक्क मान्य करतो, भटक्या पशुपालकांचाही.

कागदावर दोन्ही दारे उघडी. प्रत्यक्षात काय होते? पर्यटनाचा अर्ज करणाऱ्याला इंग्रजी येते, ऑनलाईन पैसे भरता येतात, साहेबांशी फोनवर बोलता येते. चराईचा अर्ज करणाऱ्याने आधी पिढ्यान्‌पिढ्यांचा पुरावा आणायचा. वनहक्क कायद्यात आदिवासी नसलेल्या दावेदाराला तीन पिढ्यांचे, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. धनगराने, हटकराने, शेळ्या राखणाऱ्या गरीब मुसलमानाने ते कुठून दाखवायचे? दरसाल तो त्याच डोंगराला येतो याची साक्ष डोंगराशिवाय कुणाकडेही नसते. माझ्या ओळखीच्या एका मेंढपाळाला एका राखीव वनात दंड भरावा लागला. त्याच आठवड्यात त्याच वनात एका मोठ्या गटाची सहल वाजतगाजत होऊन गेली. गटाकडे परवानगीचा कागद होता. दोघांच्याही बाबतीत नियम पाळला गेला, असेच म्हणावे लागेल. पण पाहणाऱ्या गावाने त्यातून जो धडा घ्यायचा तो घेतला.

ही गोष्ट निसर्गप्रेमींनी गंभीरपणे घ्यावी. नान्नजच्या माळढोक अभयारण्याचे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. १९७९ साली सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतला साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपासचा प्रदेश अभयारण्य म्हणून जाहीर झाला. त्यात गावे होती, शेते होती, बाजारपेठा होत्या. जमिनीचे व्यवहार अडले, साध्या कामांना परवानग्या लागू लागल्या, आणि ज्या पक्ष्याचे नाव अभयारण्याला होते त्याच्याकडे लोक रागाने पाहू लागले. पुढे क्षेत्र घटवून सुमारे बाराशे चौरस किलोमीटरवर आणावे लागले. तोवर व्हायचे ते नुकसान झाले होते. आज तिथे माळढोक दिसणे ही बातमी असते. शेजारच्या माणसाला शत्रू करून कोणतेही रान राखता येत नाही.

सायकलने डोंगराचे खरेच नुकसान होते का? इथे मी सायकलवाल्यांच्या बाजूने थोडे बोलतो. १९९४ साली अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या वाटांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध आहे. घोडा, पायी माणूस, मोटारसायकल आणि सायकल यांच्यामुळे किती माती सुटी होते, हे त्यात तपासले होते. खुरांनी आणि पावलांनी चाकांपेक्षा जास्त माती सुटी केली. तेव्हा 'सायकल आली की डोंगर संपला' ही ओरड मला मान्य नाही. रामलिंगला श्रावणात येणारी गर्दी आणि तिच्या मागे उरणारे प्लॅस्टिक हा दहा सायकलींपेक्षा मोठा प्रश्न आहे.

पण आपल्या डोंगराची गोष्ट आपल्या मातीवरून ठरवावी. बालाघाट काळ्या बसाल्टचा. वर वितभर मुरमाड माती, तिला गवताच्या मुळ्यांनी धरून ठेवलेले. मृगाचा पाऊस येतो तो सडसडून. शेतकरी म्हणूनच उताराला आडवी पेरणी करतो. पाणलोटाच्या कामात डोंगरावर समतल चर खोदतात तेही पाण्याला अडवण्यासाठी, जिरवण्यासाठी. डोंगरी सायकलची मजा मात्र सरळ उतरण्यात असते. वेगात येऊन ब्रेक दाबला की मागचे चाक घसटते आणि अखंड चर पडते. खुराचा ठसा तुटक असतो, चाकाची चर सलग असते. पहिल्या पावसात पाण्याला ती आयती वाट सापडते आणि दोन-तीन पावसाळ्यांत तिची घळ होते. वाट चिखलाची झाली की पुढचा सायकलवाला बाजूच्या गवतातून जातो, आणि एका वाटेच्या तीन होतात. ज्या डोंगरावर सरकारने समतल चरांवर पैसा खर्च केला, त्याच डोंगरावर उभी चर पाडायला परवानगी द्यायची, हे कोणत्या शहाणपणात बसते?

वाट नीट आखली तर यातले बरेच टळते, हेही खरे. सायकलवाल्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांचे स्वतःचेच नियम आहेत. वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नसावा, पाणी वाटेवरून आडवे निघून जावे, ओल्या मातीत सायकल नेऊ नये. नियम चांगले आहेत. पण ते पाळायला देखरेख लागते, आणि बावीस चौरस किलोमीटरवर वाघ, भाविक, वणवे आणि लाकूडतोड सांभाळणाऱ्या मोजक्या वनरक्षकांवर हा नवा भार टाकणे रास्त नाही.

आता रांगेचा प्रश्न. राखीव रानाची कल्पना काही इंग्रजांनी आणलेली नाही. आपल्याकडे देवराया होत्या, गायराने होती. अरबस्तानात 'हिमा' होती, म्हणजे सगळ्यांच्या हितासाठी राखलेले कुरण. बुखारींच्या हदीस संग्रहात हजरत उमर यांचा एक प्रसंग आहे. ते खलिफा असताना हुनई नावाचा माणूस त्यांनी राखीव कुरणावर नेमला. त्याला बजावले की थोडे उंट आणि थोड्या शेळ्या असलेल्याला आत येऊ दे, पण इब्ने औफ आणि इब्ने अफ्फान यांचे कळप बाहेर ठेव. हे दोघे कोण? पैगंबरांचे जवळचे सहकारी आणि त्या काळातले श्रीमंत. कारणही उमर यांनी सांगितले. यांची जनावरे मेली तर यांच्याकडे शेती आहे, खजुराच्या बागा आहेत. गरिबाची मेली तर तो पोरे घेऊन माझ्या दारात येईल, आणि तेव्हा त्याला सोने-चांदी देण्यापेक्षा आज गवत-पाणी देणे स्वस्त. चौदाशे वर्षांपूर्वीची ही व्यवहारी अक्कल आहे. कुरण राखायचे हे पक्के. आत कुणी यावे हे ठरवताना ओळख आणि वजन पाहायचे नाही, कुणाचे भागण्यासारखे आहे आणि कुणाचे नाही हे पाहायचे. एमटीबीची किंमत मेंढपाळाच्या दोन-चार मेंढ्यांइतकी असते, काही तर अख्ख्या कळपाच्या मोलाच्या असतात. येडशीचा घाट बंद राहिला तर भाच्याचा रविवार दुसरीकडे जाईल. मेंढपाळाचा उन्हाळा कुठे जाईल?

म्हणून करमणुकीला कमी लेखायचे कारण नाही. मोकळ्या हवेत फिरणे ही फक्त पैसेवाल्यांची चैन नाही. इंग्लंडमध्ये १९३२ साली कारखान्यांतल्या कामगारांनी पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगरावर बेकायदा चढाई केली, काहींनी तुरुंगवास भोगला, कारण शिकारीसाठी राखलेले डोंगर जमीनदारांनी बंद केले होते. १९५१ मध्ये त्याच भागात ब्रिटनचे पहिले राष्ट्रीय उद्यान झाले. या उद्यानाचा दक्षिणेकडचा भाग चुनखडीच्या पांढऱ्या टेकड्यांचा आहे. तिथे सायकलवाल्यांची सोय कशी केली ते पाहण्यासारखे आहे. रेल्वे बंद झालेल्या जुन्या मार्गाचे रूळ काढले आणि १९७१ मध्ये टिसिंग्टन ट्रेल नावाची वाट खुली केली. डोंगर नव्याने खोदावा लागला नाही. रेल्वेचा चढ सौम्य असतो, त्यामुळे लहान मुले आणि म्हातारी माणसेही त्यावर सायकल चालवतात. तिथल्या १९६८ च्या कायद्याने सायकलला घोड्यांच्या वाटांवर जाण्याचा हक्क दिला, पण अट घातली की चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यायची. पादचाऱ्यांच्या वाटांवर हा हक्क दिलाच नाही.

आपल्याकडेही असा मार्ग आहे, आणि योगायोग म्हणजे तो येडशीचाच. १८९७ मध्ये सुरू झालेली बार्शी लाईट रेल्वे १९११ पर्यंत लातूरला पोहोचली. अडीच फुटी रुळांवरची ती गाडी रामलिंगच्या घाटातून धापा टाकत चढायची. तिच्या वेगाचे किस्से आमच्या वडीलधाऱ्यांनी आम्हाला हसत सांगितले आहेत. २००७-०८ मध्ये ब्रॉडगेज झाली, नवा मार्ग धाराशिव शहरावरून गेला आणि घाटातली जुनी वाट मागे पडली. अभयारण्याच्या हद्दीबाहेर या जुन्या मार्गाचे जे भराव आणि पूल वापरण्याजोगे आहेत, ते सायकलसाठी दुरुस्त करावेत. चढ सौम्य, भराव पक्का, पाण्याच्या मोऱ्या आधीच बांधलेल्या. शिवाय आपल्या मुलखाचा इतिहास पायाखाली. आमच्या माकणीसारख्या ठिकाणी कालव्यांच्या कडेचे सेवा-रस्तेही आहेत. डोंगर नसेना का, तेरणेच्या काठाने दहा-वीस मैल सायकल हाणायला काय वाईट आहे?

कासच्या पठाराचा अनुभवही उपयोगी पडेल. २०१२ मध्ये पश्चिम घाट जागतिक वारशात गेला आणि कासवर फुलांच्या हंगामात झुंबड उडाली. मग रोजच्या पर्यटकांना मर्यादा घालावी लागली, आगाऊ नोंदणी आणि शुल्क आले, आणि व्यवस्था आसपासच्या गावांच्या संयुक्त वनव्यवस्थापन समित्यांकडे गेली. शुल्काचा पैसा आणि हंगामी काम गावाला मिळाले, तेव्हा फूल तुडवणाऱ्याला हटकायला गावकरी स्वतः उभा राहिला.

माझ्या अपेक्षा चार आहेत. येडशीच्या अभयारण्यात सायकलसाठी नवी वाट काढू नये; जी वाहनाची वाट आज आहे तिच्यावरच, परवानगीने, दिवसा, ठरावीक संख्येने सायकली जाव्यात. जूनपासून पाऊस संपेपर्यंत मातीच्या वाटा पूर्ण बंद ठेवाव्यात, कारण माती तेव्हाच सुटते आणि तित्तर-टिटवीसारखे जमिनीवर घरटे करणारे पक्षीही पावसाच्या आगेमागेच अंडी घालतात. सायकलचे शुल्क ठरण्याआधी भोवतालच्या गावांचे चराईचे, जळणाचे आणि वाटेचे हक्क ग्रामसभेत नोंदवून कागदावर यावेत. आणि वाटेत मेंढरे आली तर सायकलवाल्याने उतरून बाजूला उभे राहावे, हा नियम फलकावर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहावा.

यातली शेवटची अट भाच्याला सांगितली तेव्हा तो हसला. "आणि मेंढरं दोनशे असली तर, मामू?" मी म्हटले, मग दोनशे जाईपर्यंत थांब. तेवढ्यात मेंढपाळाशी बोल. घाटात पाणी कुठे आहे, वाट कुठे निसरडी आहे, वाघ शेवटचा कुठे दिसला, हे त्याच्याइतके तुझ्या मोबाईलला ठाऊक नाही.